देणे आणि अडगळ एकाच वहीत: कर्ज फेडता फेडता घर मोकळे कसे करावे

मी सोलापुरात सुताच्या एका पेढीवर हिशेब लिहितो. दुसऱ्यांच्या खतावण्या वीस वर्षे जुळवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरावर एकूण किती देणे आहे हे सांगता येऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण माझी स्थिती तीच होती. पतसंस्थेचा हप्ता वेगळ्या तारखेला, कार्डाचे बिल वेगळ्या तारखेला, भिशी दर महिन्याच्या दहाला, आणि आईच्या पाटल्या सोनेतारणात. घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि पगाराच्या आठव्या दिवशी खिशात काही उरत नव्हते. या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत असे मी अनेक वर्षे मानत होतो.

सगळे फेडायला मला तीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागला. ज्या क्रमाने मी हे केले, त्यात सुरुवातीचे सहा महिने चुकांमध्ये गेले. ते आपले जाऊ नयेत म्हणून योग्य क्रम खाली देत आहे.

१. एक वही घ्या आणि डाव्या पानावर सगळी देणी लिहा

मोबाइलमध्ये नव्हे, कागदी वहीत लिहा, कारण ती घरातल्या सर्वांना दिसली पाहिजे. प्रत्येक देण्यासमोर पाच गोष्टी असाव्यात: कोणाचे, आज मुद्दल किती बाकी, व्याजाचा दर, मासिक हप्ता आणि तारण किंवा जामीन कोण. माझे पहिले पान असे होते: पतसंस्था १,९०,०००, सोनेतारण १,१०,०००, क्रेडिट कार्ड ६२,०००, उचललेली भिशी ६०,०००, मेहुण्याकडून हातउसने ४०,००० आणि वस्तूंचे हप्ते २४,०००. बेरीज ४,८६,००० आली. मी मनाशी तीन लाख धरून चाललो होतो.

बेरीज चुकण्याची दोन नेहमीची कारणे आहेत. पहिले म्हणजे भिशी. नंबर लागण्यापूर्वी भिशी ही बचत असते. पण ती उचलली की उरलेले सर्व हप्ते हे कर्ज होते, आणि बहुतेक घरांत ते कर्ज म्हणून मोजलेच जात नाही. दुसरे म्हणजे जामीनकी. आपण कोणाच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि करारात वेगळे ठरले नसल्यास संस्थेला आधी कर्जदाराच्या मागे लागण्याचे बंधन नसते. म्हणून अशी जामीनकी पानाच्या तळाशी वेगळ्या शाईने लिहा आणि ते कर्ज नियमित आहे की थकले आहे हे त्या माणसाला समोर बसवून विचारा.

हे पान भरण्यासाठी लागणारी कागदपत्रे आधी एका पिशवीत जमवा:

- आधार कार्ड आणि पॅन कार्ड
- सर्व बँक खात्यांचा मागील बारा महिन्यांचा उतारा (विसरलेले हप्ते येथेच सापडतात)
- प्रत्येक कर्जाचे मंजुरीपत्र आणि कर्ज खात्याचा उतारा
- सोनेतारणाची पावती, त्यावरील वजन आणि मुदतीची तारीख
- पतसंस्थेचे पासबुक आणि भाग (शेअर) दाखला
- स्वतःचा क्रेडिट अहवाल

शेवटच्या कागदासाठी पैसे देऊ नका. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. त्यांच्या संकेतस्थळावर सशुल्क योजना ठळक दिसते आणि मोफत अहवालाचा दुवा कोपऱ्यात असतो, एवढे लक्षात ठेवा. अहवालात आपण कधीही न घेतलेले किंवा फेडून झालेले कर्ज दिसले, तर त्याच संकेतस्थळावर हरकत नोंदवता येते.

२. सर्व व्याजदर एकाच मापाने मोजा

माझी सर्वांत मोठी फसगत येथे झाली होती. बँक ‘बारा टक्के’ म्हणते तेव्हा ते वर्षाचे असतात. गल्लीतला सावकार ‘तीन टक्के’ म्हणतो तेव्हा ते महिन्याचे, म्हणजे वर्षाला छत्तीस असतात. कानाला तीन हा आकडा बारापेक्षा लहान वाटतो, आणि सावकाराचा धंदा त्या कानावरच चालतो. म्हणून वहीत प्रत्येक दर वर्षाचाच लिहा.

हप्त्यावर वस्तू किंवा गाडी घेताना ‘फ्लॅट’ दर सांगितला जातो, तोही असाच फसवा असतो. एक लाख रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर व्याज ३६,००० आणि हप्ता साधारण ३,७७८ रुपये होतो. आपण दर महिन्याला मुद्दल परत करत असता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एका लाखावर आकारले जाते. घटत्या शिलकेवर मोजल्यास तोच दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. बँका आणि वित्तीय कंपन्यांनी किरकोळ कर्ज देताना सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावे, हा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. सहीपूर्वी ते मागून घ्या आणि त्यातला तोच एक आकडा पाहा.

क्रेडिट कार्डाचे गणित मी पूर्ण मांडून दाखवतो, कारण ते एकदा कागदावर पाहिल्यावर मला झोप लागली नव्हती. बाकी ६२,००० रुपये, दर महिना साडेतीन टक्के; म्हणजे महिन्याचे व्याज २,१७० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ३९०. बिलावरील ‘किमान देय रक्कम’ पाच टक्क्यांप्रमाणे ३,१००. मी ती वेळेवर भरत होतो आणि स्वतःला शिस्तीचा समजत होतो. प्रत्यक्षात त्यातले २,५६० रुपये व्याजात आणि करात जात होते, आणि मुद्दल ५४० रुपयांनी उतरत होते. त्यातही मागील बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज लागते.

सावकाराचे देणे असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि परवानाधारकालाही दराची मर्यादा आहे: शेतकऱ्यांना तारणी कर्जावर वर्षाला ९ व विनातारण १२ टक्के, इतरांना तारणी १५ व विनातारण १८ टक्के. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सोलापुरात याबाबतचा अर्ज सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावा लागतो.

३. नवे देणे थांबवा

कार्ड कापून टाकण्याची गरज नाही. ते बँकेत जाऊन बंदही आत्ता करू नका, कारण बाकी शून्य झाल्याशिवाय खाते बंद होत नाही. खरेदीच्या सर्व ॲपमधून त्याचा क्रमांक काढून टाका. ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांकडे पाठ फिरवा. रोखीने मिळाली असती ती सूट त्यात जाते आणि प्रक्रिया शुल्क वर लागते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मुलांना भाग्यश्री (तिथला चटपटीत खाऊ) आणि पाळणा दोन्ही द्या, पण संसारोपयोगी वस्तूंच्या रांगेत या वर्षी शिरू नका.

सगळी कर्जे एकत्र करून एक मोठे कर्ज घेण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. दर खरोखर कमी होत असेल तर तो वाईट नाही. माझे मत असे आहे की पहिले सहा महिने तो पाळू नये. मोकळे झालेले कार्ड पुन्हा भरणार नाही, याची खात्री स्वतःला पटेपर्यंत थांबावे.

४. आता उजवे पान: घरात काय पडून आहे

डाव्या पानावर देणी, उजव्या पानावर वस्तू, आणि ज्या वस्तूचे देणे अजून चालू आहे तिला डावीकडून उजवीकडे रेघ. आमच्या घरी अशी पहिली रेघ ट्रेडमिलला गेली. बत्तीस हजारांचे ते यंत्र हप्त्यावर घेतले होते आणि दीड वर्ष आम्ही त्याच्या दांड्यावर टॉवेल वाळत घालत होतो. ज्या गावात टॉवेल विणले जातात, तेथे ते वाळवण्यासाठी एवढी महागडी दांडी दुसऱ्या कोणाकडे असेल असे वाटत नाही. ते ९,००० रुपयांना गेले, आणि उरलेले हप्ते पुढेही भरावे लागले.

आवरण्यासाठी एका रविवारी एकच जागा घ्या. आम्ही माळ्यापासून सुरुवात केली ही चूक होती. माळा ही जुन्या आठवणींची जागा आहे आणि पहिल्याच दिवशी आईचे डोळे भरले. सुरुवात स्वयंपाकघरातील प्लास्टिकच्या डब्यांपासून करावी, ज्यांवर कोणाचा जीव नसतो. नंतर कपडे, नंतर विजेची उपकरणे, आणि माळा शेवटी.

सोलापूरच्या घरांसाठी काही वेगळ्या सूचना आहेत, ज्या पुण्या-मुंबईहून आलेल्या सल्ल्यात सापडत नाहीत.

पाण्याची पिंपे काढू नका. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते. दोनशे लिटरचे पिंप कोपरा अडवते म्हणून विकले, तर पुढच्या खंडाच्या वेळी टँकरचे पैसे मोजावे लागतात. मात्र पिंपे मोजा. आमच्याकडे सात होती, त्यांतली दोन गळकी होती आणि एकात जुनी वर्तमानपत्रे होती.

चादरी मोजा. लग्न, बारसे, वास्तुशांती, निवृत्ती, काहीही असो, आहेरात चादर येतेच. आमच्या पेटीत एकोणीस निघाल्या, त्यांतील अकरांची घडीही मोडलेली नव्हती. माणशी दोन आणि पाहुण्यांसाठी चार ठेवून बाकीच्या आम्ही पुढच्या आहेरांसाठी वेगळ्या बांधल्या आणि गाठोड्यावर संख्या लिहिली. त्यानंतर दोन वर्षे आहेराची खरेदी करावी लागली नाही.

बोहारणीपासून सावध राहा. तिच्याशी वैर नाही. पण जुने कपडे देऊन आपण स्टीलचे पातेले घेतो, तेव्हा अडगळ कपाटातून उठून मांडणीवर जाऊन बसते. कपडे द्यायचेच असतील तर गरजू घरी धुऊन, घडी घालून द्या.

पितळी-तांब्याच्या भांड्यांना घाईने हात लावू नका. घरातील वडीलधाऱ्यांना न विचारता मोडीत काढलेला एक हंडा पुढे दहा वर्षे ऐकावा लागतो. आईने आमच्याकडील घंगाळ ठेवले आणि तीन हंडे स्वतःच्या हाताने काढून दिले. तिला निवडू दिले म्हणूनच ते निघाले.

कागद फेकताना मात्र एकेक पान पाहा. खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, शिधापत्रिका, विम्याच्या पॉलिसी, कर्जफेडीच्या पावत्या आणि सावकाराने सही केलेली कोणतीही चिठ्ठी, कितीही चुरगळलेली असली तरी, रद्दीत जाता कामा नये.

५. विकताना होणारे घोटाळे

भंगार घरच्या काट्यावर आधी तोलून ठेवा, किंवा वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. तांब्याची तार, ॲल्युमिनियम आणि लोखंड वेगवेगळे करा. एकत्र दिले की सगळे लोखंडाच्या भावाने जाते. माझ्या वडिलांचे दोन यंत्रमाग बंद पडून विकले गेले होते, पण बीम, फण्या, धोट्यांची पेटी, कांड्यांची पोती आणि एक मोटर पुढच्या खोलीत अकरा वर्षे पडून होती. भंगारवाल्याने मोटरीला लोखंडाचा भाव सांगितला. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत दोन कारखान्यांत विचारल्यावर एकाने ती चालू स्थितीतील मोटर म्हणून जवळजवळ तिप्पट किमतीला घेतली. वडिलांचा एक धोटा मी ठेवला आहे. तो वहीवर वजन म्हणून ठेवतो.

जुनी दुचाकी विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी नव्या मालकाच्या नावावर झाल्याशिवाय व्यवहार संपला असे समजू नका. नुसती किल्ली देऊन पैसे घेतले, तर पुढील अपघाताची आणि दंडाची नोटीस आपल्याच दारी येते.

ऑनलाइन विकताना ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावे लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

६. कोणते देणे आधी फेडावे

सर्वांना किमान हप्ता द्यावा आणि जास्तीचा प्रत्येक रुपया एकाच देण्यावर टाकावा. ते देणे सर्वाधिक दराचे असावे. माझ्या बाबतीत ते कार्ड होते. याला मी एकच अपवाद करतो: सोनेतारणाची मुदत संपत आली असेल, तर तिथले व्याज भरून मुदत वाढवून घेणे हे पहिले काम, कारण लिलावाची नोटीस आल्यावर पर्याय उरत नाहीत. मेहुण्याच्या हातउसन्या पैशांना व्याज नव्हते, म्हणून गणिताने ते शेवटी यायला हवे होते. मी ते दुसऱ्या क्रमांकाला फेडले. भाऊबीजेला बहिणीच्या घरी मान खाली घालून जेवावे लागत होते, आणि त्याचा दर कोणत्याही अहवालात येत नाही.

जादा रक्कम भरताना एक लेखी अर्ज सोबत द्या: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी.’ तसे न सांगितल्यास काही ठिकाणी ती पुढील हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून नोंदली जाते आणि व्याज उतरत नाही. मी पहिल्या वेळी भरलेले १५,००० असेच चार महिने नुसते पडून राहिले होते. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी बँकेकडून घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लावता येत नाही. स्थिर दराच्या कर्जाला ते असू शकते, म्हणून करारातील ते कलम आधी वाचा.

वसुलीचे फोन येत असतील तर बँका आणि वित्तीय कंपन्यांच्या वसुली प्रतिनिधींना सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. ‘तडजोड करून अर्ध्यात मिटवू’ असे आमिष आल्यास, क्रेडिट अहवालात ते खाते पूर्ण फेडलेले म्हणून नव्हे तर तडजोडीने मिटवलेले म्हणून नोंदले जाते, याचा विचार करूनच हो म्हणा.

तक्रारीचा रस्ता संस्थेप्रमाणे बदलतो आणि येथे फार लोक चुकीच्या दारात उभे राहतात. बँक किंवा नोंदणीकृत वित्तीय कंपनी असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यासाठीचा संपर्क क्रमांक १४४४८ आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. तिथली तक्रार निबंधकांच्या कार्यालयातच करावी लागते. याच कारणाने, फेड चालू असताना अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम पतसंस्थेत न ठेवता बँकेत किंवा टपाल खात्यात ठेवावी. बँकेतील पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते.

७. मोकळ्या झालेल्या जागेला काम द्या

वस्तू विकून आमच्या हाती एकूण ३१,४०० रुपये आले. चार लाख शहाऐंशी हजारांपुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि अडगळ विकून कर्ज फिटते असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण यंत्रमागाचे सामान निघाल्यावर पुढची खोली रिकामी झाली. सोलापुरात गणवेश शिवण्याचा व्यवसाय मोठा आहे. शेजारच्या गल्लीतील एका ताईंना तीन मशिने ठेवण्यासाठी जागा हवी होती. त्या खोलीचे भाडे महिना ३,५०० ठरले. पहिल्या अकरा महिन्यांतच ते ३८,५०० झाले, म्हणजे विकलेल्या सर्व वस्तूंहून अधिक, आणि नंतरही येत राहिले. ते सगळे थेट पतसंस्थेच्या मुद्दलात गेले.

जागा भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे; महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. व्यवसायासाठी जागा दिल्यास विजेचा दर आणि मालमत्ता कर वाढू शकतो. तो खर्च धरूनच भाडे ठरवा. मी तो धरला नव्हता आणि पहिल्या वीजबिलानंतर ताईंशी पुन्हा बोलणी करावी लागली.

ज्यांच्याकडे वेगळी खोली नाही त्यांनी दुचाकी लावण्यापुरती जागा, शिकवणी घेता येईल असा कोपरा किंवा शिवणयंत्राला पुरेल एवढी खिडकीजवळची जागा पाहावी.

८. शेवटचा हप्ता भरल्यानंतरचे कागद

हप्ता संपला म्हणजे प्रकरण संपले असे होत नाही. प्रत्येक ठिकाणाहून बेबाकी (काही देणे उरले नसल्याचा) दाखला घ्या आणि दिलेले कोरे धनादेश परत मागा. घर तारण असेल तर मिळकत पत्रिकेवरील, आणि शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावरील बोजा कमी करून घ्या. बँकेने मिळकतीची मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत द्यावीत, तिच्याकडून उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. वाहनकर्ज असेल तर ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन परिवहन कार्यालयातून गाडीच्या नोंदणी पुस्तकावरील बँकेचे नाव काढून घ्या. ते पत्र कपाटात ठेवून विसरू नका, कारण त्याची मुदत संपते. सोने सोडवताना पावतीवरील वजन आणि प्रत्यक्ष वजन तिथेच जुळवा. आईने पाटल्या हातात घालून पाहिल्या आणि मगच सही केली.

दोन महिन्यांनी क्रेडिट अहवाल पुन्हा काढून प्रत्येक खाते ‘बंद’ दिसते का हे तपासा. आणि पतसंस्थेत एक शेवटचा अर्ज द्यायचा राहतो: कर्ज देताना त्यांनी भागाची रक्कम कापून घेतलेली असते, ती मागितल्याशिवाय सहसा परत मिळत नाही. माझी ९,५०० होती. सभासदत्वाचा राजीनामा, भाग दाखला आणि बेबाकी दाखल्याची प्रत जोडून अर्ज केला. संचालक मंडळाच्या बैठकीनंतर, सात आठवड्यांनी धनादेश आला.